बेडी तुटली, पुढे काय?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात रविवारी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवली आहे.)



मागच्या रविवारी वर्ग सुटल्यावर एका पोराने मला जिन्यात गाठलं. म्हणाला, काका, पुढच्या वेळी तुम्ही कुणा आयरिश कैद्यावर बोलणार म्हणे. गोरा माणूस तो. त्याचं आपल्याला काय? आपल्याकडे कैदी कमी आहेत का?

प्रश्न बरोबर आहे. मी तिथं जिन्यात उत्तर दिलं नाही. म्हटलं, रविवारी ये. तो आलाय, मागे भिंतीला टेकून बसलाय. तर हे बोलणं त्याच्यासाठी. बाकीच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही.

आधी एक सांगतो. मी विद्वान नाही. मी जुळारी. २२ वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. ज्या पोथ्यांना नुसता हात लावला असता तर माझ्या आज्याचा हात लोकांनी तोडला असता, त्या पोथ्या मी या बोटांनी उलट्या अक्षरांत जुळवल्या. मग ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, माझी केस भंगारात गेली. पण शिशाचा वास नाकातून गेला नाही. म्हणून एका कैद्याची गोष्ट वाचताना, तो अकराव्या वर्षी छापखान्यात खिळे जुळवायला लागला असं दिसलं, तेव्हा मी थांबलो. म्हटलं, हा तर आपल्या धंद्यातला निघाला.

त्याचं नाव जॉन बॉइल ओ'रायली.

आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या शेजारचं बेट. मध्ये समुद्राचा चिंचोळा पट्टा. आपल्यावर इंग्रजांनी दीड-दोनशे वर्षं राज्य केलं, तिथं त्यांचा हात सातशे वर्षं होता. कातडी सारखीच गोरी. देवही तोच, येशू. फरक पंथाचा. हे कॅथलिक, ते प्रॉटेस्टंट. तेवढ्यावर अठराव्या शतकात कायदे केले होते. कॅथलिकाने जमीन विकत घ्यायची नाही. शाळा काढायची नाही. पार्लमेंटात बसायचं नाही. पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा ठेवायचा नाही. ऐका नीट, घोडा ठेवायचा नाही! आपल्याकडं घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला खाली ओढतात, तेव्हा ओढणाऱ्याला वाटत असेल की ही अक्कल त्याच्याच बापजाद्यांची. नाही. वरच्यांची अक्कल जगभर एकाच साच्यातून निघते.

बाबासाहेबांना आयर्लंड परकं नव्हतं. पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी रेडमंड आणि कार्सन या दोन आयरिश पुढाऱ्यांचा दाखला दिलाय. एक म्हणतो, अल्पसंख्याकांसाठी हवी ती संरक्षणं घ्या, पण देश एक ठेवा. दुसरा म्हणतो, तुमची संरक्षणं घाला चुलीत, आम्हाला तुमचं राज्यच नको. म्हणजे एका गुलाम देशाच्या पोटातसुद्धा कोण कुणावर बसणार, हा प्रश्न सुटलेला नसतो. बाबासाहेबांनी हे बरोबर हेरलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्यावर येणार आहोत.

ओ'रायली जन्मला २८ जून १८४४ ला, द्रॉएडा गावाजवळच्या डाउथ इथे. बाप मास्तर. पुढच्याच वर्षी आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. तिथली कुळं बटाट्यावर जगत, बाकी पिकलेलं खंडात मालकाकडे जाई. पाच-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासाने आणि तापाने मेली. दहा लाखांवर देश सोडून गेली. आणि त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरं भरभरून जहाजं इंग्लंडला जात होती. रोग बटाट्याला लागला होता, माणसांना बाजाराने मारलं. मास्तराच्या घरात दोन घास होते म्हणून हे पोर वाचलं.

अकराव्या वर्षी ते द्रॉएडाच्या वर्तमानपत्रात उमेदवारीला लागलं. पंधराव्या वर्षी इंग्लंडात प्रेस्टनला मावशीकडे गेलं, तिथंही छापखाना, मग बातमीदारी. आणि १८६३ ला परत येऊन तो ब्रिटिश घोडदळात, दहाव्या हुसार्समध्ये भरती झाला.

आता तुम्ही म्हणाल, बंडखोर म्हणता आणि इंग्रजाच्या फौजेत? अरे, आपल्या आज्या-पणज्यांनी कुणाची बंदूक उचलली होती? बाबासाहेबांचे वडील सुभेदार कुणाच्या फौजेत होते? ज्याला गावात माणूस म्हणत नाहीत त्याला फौजेत निदान नंबर मिळतो, बूट मिळतात, जेवण मिळतं. आयर्लंडमधली हजारो पोरं अशीच त्या फौजेत होती. फक्त काहींनी ठरवलं की बंदूक सरकारची, पण नेम आपला.

फेनियन नावाची गुप्त संघटना १८५८ साली डब्लिनमध्ये उभी राहिली होती. शपथ घ्यायची, आयर्लंडचं प्रजासत्ताक आणायचं. जॉन डेव्हॉय नावाचा कार्यकर्ता फौजेतली आयरिश पोरं फोडायचं काम करायचा. १८६५ ला त्याने ओ'रायलीला गाठलं आणि ओ'रायलीने आपल्या रेजिमेंटमधली पुष्कळ पोरं आत ओढली. अर्थात खबरे सगळीकडं असतात. १८६६ च्या फेब्रुवारीत तो पकडला गेला. लष्करी कोर्टात खटला. आरोप काय, तर बंड होणार हे माहीत असून वरिष्ठांना कळवलं नाही. म्हणजे केलं यापेक्षा चुगली केली नाही, हा गुन्हा! जुलैत शिक्षा झाली, मृत्युदंड. मग वय बघून की काय, ती उतरवत वीस वर्षं सक्तमजुरीवर आणली. पोरगा होता बावीस वर्षांचा.

पुढे इंग्लंडचे तुरुंग. मिलबँकची एकांतकोठडी. चॅटम. पोर्ट्समथ. डार्टमूरच्या दलदलीत थंडीपावसात नाले खणायचे. पळायचा प्रयत्न केला, पकडला गेला, पुन्हा अंधारकोठडी आणि पाव-पाणी. आणि मग ऑक्टोबर १८६७ मध्ये काळं पाणी.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण इंग्रजांचं सगळ्यात मोठं काळं पाणी ऑस्ट्रेलिया. १७८८ ते १८६८, ऐंशी वर्षांत तिकडं सुमारे १ लाख ६२ हजार कैदी नेऊन टाकले. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा आयरिश. कुणी मेंढी चोरलेली, कुणी कापडाचा तुकडा, कुणी जमीनदाराची गंजी पेटवलेली. देशातला नको असलेला माणूस उचलायचा, जगाच्या टोकाला न्यायचा आणि त्याच्या हाडांवर नवीन वसाहत उभी करायची. एका दगडात दोन पक्षी.

ओ'रायली ज्या जहाजावर चढला त्याचं नाव हूगमाँट. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं ते शेवटचं जहाज. सुमारे २८० कैदी, त्यात ६२ फेनियन. आणि त्या जहाजावर या लोकांनी काय केलं माहीत आहे? वर्तमानपत्र काढलं! हाताने लिहिलेलं. नाव 'द वाइल्ड गूज', रानहंस. देशोधडीला लागलेल्या जुन्या आयरिश सैनिकांना लोक रानहंस म्हणत, त्यावरून. सात अंक निघाले. ओ'रायली त्यात लिहायचा, तळघरात कंदिलाखाली कैद्यांना वाचून दाखवायचा. खाली समुद्र, वर पहारा, वीस वर्षांची शिक्षा पुढ्यात, आणि यांना अंक वेळेवर निघाला पाहिजे! सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायला वर्गणी जमत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना मी हे पूर्वी बरेचदा ऐकवलंय. ते अंक आजही सिडनीच्या ग्रंथालयात जपून ठेवलेत.

जानेवारी १८६८. फ्रीमँटल बंदर, पश्चिम ऑस्ट्रेलिया. ओ'रायलीचं नाव संपलं, कैदी नंबर ९८४३ सुरू झाला. महिन्याभरात त्याला दक्षिणेला बनबरीच्या बाजूला रस्त्याच्या टोळीवर पाठवलं. जंगल तोडायचं, रस्ता काढायचा.

इथं मी गाडी थांबवतो. कारण गोष्टीत आपण नायकामागे धावतो आणि पायाखालची जमीन बघत नाही. ती जमीन कुणाची होती?

ती नुंगार लोकांची होती. हजारो वर्षांपासून. गोऱ्यांनी येऊन ठरवलं की ही जमीन कुणाचीच नाही. हा कायदेशीर खोटेपणा इतका घट्ट बसला की तो मोडायला तिथल्या हायकोर्टाला १९९२ साल उजाडलं, माबो नावाच्या आदिवासी माणसाच्या खटल्यात. ओ'रायली तिथं पोचायच्या ३४ वर्षं आधी, १८३४ च्या ऑक्टोबरात, त्याच भागात पिंजारा इथं खुद्द गव्हर्नर स्टर्लिंग घोडेस्वार घेऊन गेला आणि नुंगारांच्या तळावर गोळ्या घातल्या. बायका-पोरांसकट. आणि फ्रीमँटलसमोर समुद्रात एक बेट आहे. नुंगार त्याला वाडजेमप म्हणतात, गोरे रॉटनेस्ट. १८३८ पासून तिथं आदिवासींसाठी वेगळा तुरुंग होता. हजारो आदिवासी त्यात कोंडले, शेकडो तिथंच मेले, कबरीवर दगडसुद्धा नाही. पुढं कित्येक वर्षं सहलीला आलेली माणसं त्या कबरींवर तंबू ठोकत होती.

म्हणजे बघा. आयरिश कैदी बेडीत. बरोबर. पण त्याच्या कुऱ्हाडीने जे झाड पडत होतं ते दुसऱ्याचं होतं. आणि गोरा कैदी पळाला तर त्याचा माग काढायला पोलीस आदिवासींनाच जुंपत. व्यवस्था अशी असते. एका गुलामाला दुसऱ्याच्या जमिनीवर उभं करते, आणि दुसऱ्या गुलामाला पहिल्याच्या मागावर सोडते. साहेब सावलीत बसतो. आपल्या गावगाड्यात याहून वेगळं काय होतं?

बनबरीतल्या दिवसांची एक गोष्ट ओ'रायलीच्या मित्राने लिहिलेल्या चरित्रात आहे. कसल्याशा उशिराबद्दल अधिकाऱ्याने त्याला शिक्षा केली, सहा महिने पत्र बंद. आणि वर टपालातून एक पत्र काढून लांबून दाखवलं. काळ्या काठाचं पाकीट. म्हणजे घरी कुणीतरी गेलंय. पत्र टेबलाच्या खणात टाकलं. म्हणाला, सहा महिन्यांनी मिळेल. सहा महिन्यांनी उघडलं तेव्हा कळलं, आई गेली.

चाबकाचे वळ बुजतात हो. पण असला माणूस, जो खणाला कुलूप लावून वर हसतो, तो प्रत्येक ऑफिसात असतो. मी पाहिलाय. तुमच्यातल्या ज्यांनी दाखल्यासाठी खेटे घातलेत त्यांनीही पाहिलाय.

१८६८ च्या डिसेंबरात ओ'रायलीने जंगलात डाव्या हाताची शीर कापून घेतली. दुसऱ्या कैद्याला दिसला म्हणून वाचला. हे मी मुद्दाम सांगतो. बंडखोराच्या गोष्टीतून हा भाग लोक गाळतात. आपल्याही चळवळीत पोरं आतून मोडतात, दारूत जातात, रुळावर जातात, आणि आपण त्यांच्याबद्दल गप्प बसतो. वाघ रडत नाही असं आपल्याला दाखवायचं असतं. रडतो. आणि रडल्यावर उठूही शकतो. हा उठला.

फादर मॅकेब नावाच्या पाद्र्याने त्याच्या सुटकेची व्यवस्था केली, मॅग्वायर नावाच्या आयरिश शेतकऱ्याने साथ दिली. १८ फेब्रुवारी १८६९ च्या रात्री ओ'रायलीने कैद्याचे बूट टाकले, साध्या माणसाचे चढवले, कारण कैद्याच्या बुटाचा ठसा लगेच ओळखू यायचा. घोड्यावरून किनारा. होडीतून समुद्र. पण ठरलेलं अमेरिकन जहाज त्यांना न बघताच निघून गेलं. मग दोन आठवडे वाळूच्या टेकड्यांत लपून. उन्हाळा, पाणी नाही. शेवटी 'गझेल' नावाच्या, देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकन जहाजाने त्याला घेतलं. बरोबर बोमन नावाचा आणखी एक कैदी. त्याला या बेताचा सुगावा लागला होता, नेलं नाहीस तर सांगतो म्हणाला, म्हणून न्यावं लागलं.

मॉरिशसजवळ रॉड्रिग्ज बेटावर इंग्रज अधिकारी जहाजावर आला. पळालेला कैदी द्या. खलाशांनी बोमनला दिला. पण बोमन आता दुसऱ्याचं नाव सांगणार हे उघड होतं. तेव्हा हॅथवे नावाच्या अधिकाऱ्याने रात्री ओ'रायलीला एका कोनाड्यात कोंबलं, धार लावायचा दगड समुद्रात ढकलला, मागोमाग त्याची टोपी, आणि आरडाओरडा केला, माणूस पडला! माणूस पडला! सकाळी टोपी तेवढी सापडली. जहाजाचा झेंडा अर्ध्यावर. अधिकारी परत आला तेव्हा त्याला सांगितलं, तुमचा माणूस बुडाला.

आता तुम्हाला आवडेल अशी गंमत. भर समुद्रात त्याला गझेलवरून दुसऱ्या जहाजावर चढवलं. ते जहाज कुठून निघालं होतं? आपल्या मुंबईहून, लिव्हरपूलला. आणि लिव्हरपूलहून ज्या जहाजातून तो अमेरिकेला गेला त्या जहाजाचं नावच होतं 'बॉम्बे'. २३ नोव्हेंबर १८६९ ला फिलाडेल्फियाला उतरला. त्याच दिवशी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज दिला. मोकळा झाला.

सिनेमा असता तर इथं पडदा पडला असता. मला इथून पुढं बोलायचंय. बेडी तुटली. पुढे काय?

अमेरिकेत तेव्हा लाखो आयरिश होते. दुष्काळातून पळालेले. गोदीत हमाली, रेल्वेची खोदाई, बायका साहेबांच्या घरी मोलकरणी. सगळ्यात तळाला. नाही, चुकलो. सगळ्यात तळाला नाही. त्यांच्याखाली काळा माणूस होता. आणि जो तळापासून दुसऱ्या पायरीवर असतो, त्याला रात्रंदिवस एकच भीती. खालचा वर येईल.

१८६३ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये काय झालं ऐका. गुलामगिरीवरून यादवी युद्ध चाललेलं. गरिबांवर सक्तीची लष्करभरती आली, श्रीमंताला ३०० डॉलर भरून सुटायची सोय. गरीब आयरिश भडकले. रास्त होता तो राग. पण तो गेला कुठं? श्रीमंतांच्या वाड्यांवरून घसरत घसरत काळ्यांच्या वस्तीवर आला. काळी माणसं दिव्याच्या खांबांना लटकवली. काळ्या अनाथ पोरांचा आश्रम जाळला. उपासमारीतून पळून आलेल्या माणसांनी अनाथ पोरांचं घर जाळलं, मित्रांनो.

आणि हे नुसतं अडाण्यांचं काम नव्हतं. आता दुसऱ्या आयरिश कैद्याचं नाव घेतो. जॉन मिचेल. शिकलेला, वकील, जबरदस्त लेखणी. दुष्काळात इंग्रजांनी आयर्लंड कसा मारला हे त्याच्याइतकं जळजळीत कुणी लिहिलं नाही. १८४८ ला त्याला १४ वर्षांचं काळं पाणी झालं. बर्म्युडा, तिथून आफ्रिकेचं टोक, मग टास्मानिया. १८५३ ला तोही पळाला, तोही अमेरिकेत आला, त्यानेही वर्तमानपत्र काढलं. पुढच्याच वर्षी त्या वर्तमानपत्रात त्याने लिहिलं, गुलाम बाळगणं हा गुन्हा नाही, आपल्याला तर अलाबामात धष्टपुष्ट काळ्या गुलामांनी भरलेला मळा असावा असं वाटतं. पुढं युद्धात तो गुलाम-मालकांच्या बाजूने उभा राहिला. त्याची दोन मुलं त्या फौजेत मेली. आयर्लंडमध्ये न्यूरी गावात त्याचा पुतळा आहे. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारलं, तेव्हा तिथल्या लोकांनीच विचारलं, हा पुतळा इथं कशाला?

दोन कैदी. दोघे आयरिश. दोघांना एकाच राणीने समुद्रापार टाकलं. दोघे पळाले. दोघे अमेरिकेत संपादक झाले. एक म्हणाला, मला गुलाम हवेत. दुसऱ्याने काय केलं?

दुसरा, म्हणजे आपला ओ'रायली, १८७० ला बॉस्टनच्या 'पायलट' या आयरिश कॅथलिक पत्रात लागला. हे पत्र यादवी युद्धाच्या काळात गुलामगिरी उठवणाऱ्यांच्या विरोधात होतं. वाचक कोण, तेच आयरिश हमाल. तो लागला त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आयरिश कॅथलिक आणि आयरिश प्रॉटेस्टंट यांची दंगल झाली, माणसं मेली. याने आपल्याच लोकांना छापून झोडपलं. इथं येऊनही तीच जुनी भांडणं का, म्हणाला. वर्गणीदार तुटतील हे त्याला कळत नव्हतं का? जुळारी होता तो, खप म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. १८७६ ला तो त्या पत्राचा भागीदार मालक झाला. आधीच्या मालकाच्या दिवाळ्यात ज्या गरीब आयरिशांच्या ठेवी बुडाल्या होत्या, त्या पुढं वर्षानुवर्षं फेडल्या.

मागं राहिलेल्या साथींनाही तो विसरला नाही. नागरी फेनियन कैद्यांना सरकारने माफी दिली, पण फौजेतल्या बंडखोरांना नाही. त्यांचं पत्र फ्रीमँटलहून डेव्हॉयपर्यंत पोचलं, थडग्यातून आल्यासारखं. ओ'रायलीचा सल्ला असा की शिकारी जहाज पाठवा, कुणाला संशय येत नाही. १७ एप्रिल १८७६ ला 'कॅटल्पा' या जहाजाने सहा कैदी फ्रीमँटलमधून उचलले. इंग्रजांची आगबोट तोफ घेऊन आडवी आली. कॅटल्पाच्या कप्तानाने वर अमेरिकन झेंडा दाखवला आणि निघून गेला. गरिबांनी वर्गणी काढून साम्राज्याच्या नाकासमोरून आपली माणसं पळवली!

पण मी त्याला मानतो ते यासाठी नाही. आपल्या माणसाला सोडवणं हे रक्तही करतं. मी मानतो ते पुढच्या कामासाठी. ज्या पत्राने काळ्यांच्या मुक्तीला विरोध केला होता, त्याच पत्रात त्याने दक्षिणेत काळ्यांवर चाललेल्या जुलमाविरुद्ध लिहिलं. डिसेंबर १८८५ मध्ये बॉस्टनच्या काळ्या लोकांच्या सभेत जाऊन बोलला. १७७० साली बॉस्टनमध्ये इंग्रज सैनिकांच्या गोळीने पडलेला पहिला माणूस म्हणजे क्रिस्पस अॅटक्स, काळा माणूस. त्याचं स्मारक व्हायचं म्हटल्यावर शहरातल्या प्रतिष्ठित इतिहासकारांच्या पोटात दुखलं. गुंड होता म्हणाले. स्मारक झालं, १८८८ ला, आणि त्या समारंभासाठी कविता लिहिली या आयरिश कैद्याने. हमाल आयरिशांच्या पत्राचा संपादक काळ्या हुतात्म्याचं गाणं लिहितो, हे तेव्हा साधं नव्हतं.

१० ऑगस्ट १८९० ला तो गेला. झोपेचं औषध जास्त झालं. वय ४६.

आता, मी त्याला देव करायला उभा नाही. आपण देव सोडलेली माणसं आहोत. बायकांना मताचा हक्क द्यायला ओ'रायलीचा विरोध होता, आणि तो त्याने लिहून ठेवलाय. काळ्याचं दुःख कळलं, घरातल्या बाईचं नाही. आणि ज्या जमिनीवर त्याने रस्ता खोदला त्या नुंगारांच्या हक्कासाठी तो काळ्या अमेरिकनांसाठी लढला तसा लढला नाही. जेवढी भिंत पाडली तेवढ्याचं श्रेय द्यायचं, उरली तिच्याकडं बोट दाखवायचं. त्याच्याकडं दाखवताना उरलेली बोटं कुणाकडं वळतात हेही बघायचं.

म्हणून शेवटी माझं सांगतो. मी लहान होतो तेव्हा आमच्या चाळीमागं सफाईवाल्यांच्या चार खोल्या होत्या. त्यातला एक पोरगा माझ्या वयाचा, आम्ही बरोबर गोट्या खेळायचो. तो आमच्या दारात आला आणि पाणी मागितलं तर माझी आय खिडकीत उपडा ठेवलेला एक कप घ्यायची. कान तुटलेला. तो फक्त त्याच्यासाठी. गावाकडं माझ्या आयला स्वतःला वरून ओंजळीत पाणी मिळायचं, आणि तहान लागूनही ती पाटलाच्या दारात किती वेळ उभी राहायची हे तीच आम्हाला सांगायची. रडत सांगायची. आणि तो कप खिडकीत होता. मी मोठा झालो, मोर्चात गेलो, घसा फोडून घोषणा दिल्या. घरी येऊन त्या कपाकडं कितीतरी वर्षं मला बघवलं नाही, आणि मी तो उचलून फेकलाही नाही. आय गेल्यावर खोली आवरताना फेकला. तोवर तो पोरगा कुठं गेला, मला माहीत नाही.

मिचेल लांब नाही, पोरा. तो आमच्या खिडकीत उपडा होता.

मला वाटायचं, ज्याने सोसलं त्याला कळतं. खोटं आहे. सोसल्याने माणूस शहाणा होत नाही, नुसता घायाळ होतो. घायाळ माणूस खालच्याला चावू शकतो किंवा त्याच्या शेजारी उभा राहू शकतो. ते त्याला ठरवावं लागतं, आणि एकदा नाही, दर वेळी, वर्गणीदार तुटत असतील तेव्हाही. १९७२ ला इथल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून पँथर हे नाव घेतलं, ते कातडी बघून घेतलं नव्हतं.

तर त्या गोऱ्या माणसाचं आपल्याला काय, असं तू विचारलंस. हेच. आपली बेडी कुणी ठोकली हे आपल्याला पाठ आहे, आणि पाठ असलंच पाहिजे. पण ती तुटल्यावर आपला हात कुठं जाईल, हे आत्तापासून बघायला लागतं. इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक खिडकी आहे. आज घरी गेल्यावर तिच्यात काय ठेवलंय ते बघा. आईशी भांडण होईल. होऊ दे.

पुढच्या रविवारी तू बोलायचंस. विषय तूच निवड.

जय भीम.